चित्रं छान, मराठी भयाण! ३ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी पुस्तकं निवडताना तुम्ही काय बघता?

खारूताई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

तर झालंय असं की आमच्या सोसायटीत (नाशिक) क्लब हाउसला लागून एक खोली पडून होती, तिच्यात जुन्या कुंड्या आणि गणपतीच्या मांडवाचे पडदे. मीटिंगमध्ये मी उगाच तोंड उघडलं की इथे छोट्यांची लायब्ररी करूया, आणि जो बोलेल त्याच्याच गळ्यात या न्यायाने ती माझ्याच गळ्यात आली. कमिटीने १५,००० रुपये मंजूर केलेत. त्यात कपाट नाही, कपाट एका काकांनी दिलंय, त्यामुळे सगळे पैसे पुस्तकांना.

गेल्या रविवारी दुकानात तीन तास घालवले आणि नमुन्यादाखल नऊ पुस्तकं घरी आणली, दुकानदार ओळखीचे आहेत, नको असतील ती बदलून देतो म्हणाले. घरी आल्यावर लेकाला घेऊन बसले (वय सव्वापाच, सिनियर केजी, अक्षरं येतात, काना-मात्रा-वेलांटी चालू आहे) आणि तासाभरात डोकं फिरलं.

एका पुस्तकात अस्वल सकाळी उठून म्हणतं "अरे माझ्या देवा, किती सुंदर दिवस आहे हा!" आता मला सांगा, मराठी बोलणारं कुठलं अस्वल असं म्हणेल? दुसऱ्यावर ठळक लिहिलंय 'माझे पहिले वाचन, वय ४+' आणि पहिल्याच पानावर 'वृक्षाच्छादित टेकडी'. तिसरं म्हणजे काना-मात्रा नसलेल्या शब्दांचं, "छगन उठ. घर बघ. गवत बघ. बदक पकड." लेकाने ते बोट ठेवून सगळं वाचलं हो, मला आनंद झाला, पण मग त्याने विचारलं "आई, छगन बदक का पकडतो? खायचंय का त्याला?" पुढच्या पानावर उत्तर नव्हतं, पुढच्या पानावर "मगर बघ" होतं.

चित्रं मात्र नऊच्या नऊ पुस्तकांची चकाचक. दुकानात उभ्या उभ्या बघताना चित्रांवरच भाळून उचलली होती सगळी.

तर प्रश्न असा की दुकानात पाच मिनिटांत पुस्तक बरं की वाईट हे ओळखायचं कसं? तुम्ही काय बघता? वयाच्या शिक्क्यावर विश्वास ठेवता का?

बंडूनाना

एवढा काथ्याकूट कशाला? आम्ही किराणावाल्याच्या पुडीचा कागद वाचून मोठे झालो. साखर संपली की पुडी उलगडायची आणि अर्धी बातमी वाचायची, उरलेली अर्धी मनाने रचायची. कोणी आमची लेव्हल मोजली नाही. घ्या स्वस्तातली शंभर पुस्तकं आणि टाका पोरांपुढे, त्यांना जे आवडेल ते उरेल, बाकीचं फाटेल.

(कृपया हलकं घ्या.)

अर्धाकप

नाना, फाटतं ते आवडलेलंच असतं. न आवडलेलं पाच वर्षांनी पण कोरं करकरीत. आमच्या घरी पुरावा आहे :-)

बाकी खारूताई, वयाच्या शिक्क्यावर अजिबात जाऊ नका.

पाटीपेन्सिल

धागा आवडला. मी २२ वर्षं बालवाडीत होते (ठाणे), आता निवृत्त, त्यामुळे लिहायला वेळ आहे आणि प्रतिसाद लांबणार आहे.

पहिली गोष्ट, तुम्ही दोन वेगळ्या जातीची पुस्तकं एकाच तराजूत घातलीत. एक मोठ्यांनी वाचून दाखवायचं पुस्तक आणि दुसरं पोराने स्वतः वाचायचं पुस्तक. वाचून दाखवायच्या पुस्तकात अवघड शब्द आले तरी बिघडत नाही, उलट यावेत, कारण तिथे अर्थ सांगायला तुमचा आवाज आहे, चित्र आहे, मांडी आहे. तीन वर्षांच्या पोराला 'घनदाट' शब्द कळत नाही पण तुम्ही आवाज खाली घेऊन 'घनदाट जंगल' म्हणालात की तो बरोबर तुमचा दंड घट्ट धरतो. स्वतः वाचायच्या पुस्तकाला यातला कुठलाच आधार नसतो, तिथे पोरगं आणि अक्षर दोघंच. त्यामुळे कपाटात दोन कप्पे करा, वयाचे नकोत, या दोन कामांचे करा. तुमचं ते वृक्षाच्छादित आईच्या मांडीवर कदाचित चाललंही असतं, 'माझे पहिले वाचन' म्हणून विकलं हा त्याचा गुन्हा.

दुसरी गोष्ट छगनची. बिनकान्याचे, बिनमात्रेचे, बिनजोडाक्षराचे शब्द घेऊन मराठीत गोष्ट लिहिता येत नाही, कोणालाही येत नाही, कारण आपली भाषा तशी नाहीच. साधं बघा, पाणी हा शब्द सोपा. पण कोणी पाण्यात पडलं की लगेच ण्य आलं. रस्ता आधीच अवघड, तो 'रस्त्यावर' झाला की अजून एक जोडाक्षर. डोळे सोपे, डोळ्यात अवघड. आणि जे शब्द दर ओळीला लागतात ते, माझ्या, तुझ्या, त्याने, तिच्या, म्हणाला, गेल्या, होत्या, यातला एक तरी जोडाक्षराशिवाय आहे का? म्हणजे 'जोडाक्षर नको' अशी अट घातली की कोणी काही म्हणूच शकत नाही, कोणाचं काही असूच शकत नाही, नुसतं बघ आणि पकड उरतं. हिंदीत 'पानी में', 'आँखों में' असं तुटक लिहितात, नाम आणि प्रत्यय वेगळे, तिथे ही युक्ती थोडी तरी चालते. आपण ती तशीच उचलून मराठीला घातली, म्हणून छगन असा हुकूम सोडल्यासारखा बोलतो.

मग करायचं काय? तर शब्द सोपे शोधण्यापेक्षा तोच शब्द परत परत येणारी गोष्ट शोधायची. 'म्हणाला' पहिल्या पानावर पोरगं अडखळतं, दुसऱ्या पानावर तुमच्याकडे बघतं, चौथ्या पानावर ते म्ह वगैरे वाचतच नाही, सबंध शब्द ओळखीचा झालेला असतो, आत्या ओळखावी तसा. आपल्याकडे लोककथांमध्ये ही पुनरुक्ती भरपूर आहे, माणसं मोठं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतात आणि दर वेळी एक काहीतरी वाढतं.

तिसरं सांगायचं होतं ते विसरले. आठवलं की लिहीन.

अर्धाकप

पाटीपेन्सिल, मस्त! पाणी-पाण्यात हे कधी लक्षातच आलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

खारूताई

पाताई (चालेल ना?) मला एकदम प्रकाश पडला. म्हणजे छगन लिहिणाऱ्याची चूक नाही, अटीचीच चूक.

एक भाबडा प्रश्न, पुस्तकांवर लेव्हल १, लेव्हल २ असं छापलेलं असतं त्याचं काय मग? ते कशावरून ठरवतात?

अनवट

लेव्हलबद्दल थोडं. प्रथम बुक्स या बालपुस्तकांच्या प्रकाशनाचं स्टोरीवीव्हर म्हणून संकेतस्थळ आहे, २०१५ पासून, तिथे चार पातळ्या आहेत. पहिलीत साधारण २५० शब्दांपर्यंतची पुस्तकं, दुसरीत २५० ते ६००, तिसरीत ६०० ते १५००, त्यापुढे चौथी. शब्दसंख्येबरोबर भाषा किती सोपी, पुनरुक्ती आहे का, हेही बघतात. पुस्तकं मोफत वाचता येतात, उतरवून घेता येतात, छापता येतात, मूळ लेखक-चित्रकाराचं नाव देऊन स्वतः अनुवादही करता येतो. १५,००० चं बजेट असलेल्या माणसाने हे सोडू नये, खारूताई, पन्नासेक पुस्तकं तिथूनच घ्या आणि रंगीत छापा.

पण शब्द मोजणं मराठीत फसवं आहे. इंग्रजीत 'खिडकीच्या बाहेर' म्हणायला तीन शब्द लागतात, सगळे छोटे. आपण 'खिडकीबाहेरच्या' असा एकच शब्द लिहितो, सात अक्षरांचा, शेवटी च्या. म्हणजे शब्द कमी आणि वाचणाऱ्याचा दम जास्त! इंग्रजीतून आलेलं पहिल्या पातळीचं पुस्तक मराठीत शब्दसंख्येने पहिल्याच पातळीचं राहतं पण पोराला तिसरीचं वाटू शकतं. म्हणून मी पुस्तक उघडलं की शब्द मोजत नाही, सगळ्यात लांब शब्द कोणता तेवढं बघतो. पाच अक्षरांवरचे शब्द पानोपानी असतील तर ते माझ्या लेखी वाचून दाखवायच्या कप्प्यात.

अजून एक, बोटांची परीक्षा. पोराला मधलं एखादं पान वाचायला द्यायचं, अडेल त्या शब्दाला एक बोट दुमडायचं, पान संपायच्या आत पाचही बोटं मिटली तर पुस्तक सध्या अवघड. मात्र पानावर बरा मजकूर असेल तरच, दोन ओळींच्या पानावर पाच बोटं म्हणजे काहीच उरलं नाही.

कंपोझर

मी मूळ धंद्याने डीटीपीवाला, म्हणजे छपाईआधी कॉम्प्युटरवर पानं लावणारा, बालपुस्तकं बरीच लावली आहेत, त्यामुळे तुम्ही सगळे ज्याकडे बघत नाही त्याबद्दल बोलतो. अक्षर.

खारूताई, नऊ पुस्तकं काढा आणि ल आणि श बघा. शाळेत पोराला पाकळीचा ल आणि देठाचा श शिकवतात, सरकारचे निर्णयही तेच सांगतात, एकदा ६ नोव्हेंबर २००९ ला आणि परत १० नोव्हेंबर २०२२ ला. पण कॉम्प्युटरवर बऱ्याच फाँटमध्ये काहीच न करता जो ल उमटतो तो उभ्या दांडीचा, हिंदी वळणाचा असतो. काही फाँटमध्ये मजकुराची भाषा मराठी म्हणून निवडली की आपला ल येतो, पण ते निवडायला माहीत तर पाहिजे, आणि घाई असते, फाइल हिंदी पुस्तकावरून कॉपी केलेली असते, फक्त मजकूर बदलायचा. मोठ्या माणसाला फरक जाणवतही नाही. साडेपाच वर्षांचं पोरगं, ज्याने आत्ता कुठे मराठी ल गिरवलाय, ते तिथे अडतं आणि आपल्याला वाटतं याला ल येत नाही.

तेच जोडाक्षरांचं. बालभारतीच्या हल्लीच्या पुस्तकांत 'विद्‌यार्थी' असा द चा पाय मोडून य शेजारी लिहितात. गोष्टीच्या पुस्तकात तोच शब्द जुन्या जोडणीत 'विद्यार्थी'. पोरगं त्याला 'विध्यार्थी' वाचतं, आणि त्याचं काही चुकत नाही, ते चित्र ध सारखंच दिसतं. दोन्हीतली कुठली पद्धत बरी यावर इथे भांडण नको (त्यासाठी वेगळा धागा काढा, मी येतो बाह्या सरसावून). सांगणं एवढंच की पहिल्या पुस्तकात शाळेतल्यासारखं अक्षर असेल तर बरं.

मग ओळींमधली जागा. रोमन लिपीत मजकूर एका पट्टीत बसतो. आपल्याला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार. इंग्रजी पुस्तकाच्या मापात मराठी ओतलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतो, मग बारक्याला कळत नाही ही खूण कोणाची. टाइप २० पॉइंटच्या खाली असेल तर ते पुस्तक स्वतः वाचायला देऊ नका. काळ्या-निळ्या चित्रावर पांढरी अक्षरं हा चित्रकाराचा लाड, वाचणाऱ्याचा छळ.

आणि ओळ कुठे तुटते ते बघा. "आजीने लाडू" अशी ओळ संपून खाली "डब्यात ठेवले" आलं तर ठीक. "आजीने लाडू डब्या-" आणि खाली "त ठेवले" असं मी स्वतः डोळ्यांनी पाहिलंय, लहान मुलांच्या पुस्तकात. मी लावलेलं नव्हतं. शपथ.

बंडूनाना

च्यायला, पुडीच्या कागदावर आम्हाला नेहमी अर्धीच ओळ मिळायची, डब्या- एवढीच. तरी वाचलं.

पण ल चं पटलं. नात काल पुस्तक वाचताना थांबली तेव्हा मीच तिला "एवढं साधं येत नाही?" म्हणालो होतो. आत्ता जाऊन बघितलं. ल च होता.

डोंगरशाळा

जिल्हा परिषद शाळेवर आहे, जव्हार तालुका. वर्गात बहुतेक मुलं वारली आणि कोकणा घरांतली. इथे रेंज येते तेव्हा लिहितो म्हणून उशीर.

आमच्याकडे पुस्तकं येतात, पेट्याच्या पेट्या येतात, त्यामुळे 'पुस्तकं नाहीत' ही आमची तक्रार नाही. तक्रार अशी की त्यातली भाषा कोणाच्याच घरची नाही. वर अस्वलाचं उदाहरण आहे ते अनुवादाचं झालं. पण मूळ मराठीत लिहिलेलं पुस्तक पण बघा. "मांजर झाडावर चढले. त्याने पिल्लाला पाहिले." कोण बोलतं असं? प्रमाण मराठी बोलणारी आई पण 'चढलं', 'पाहिलं' म्हणते. एका पोरीने मला विचारलं, गुरुजी, मांजर 'चढले' म्हणजे मांजराला अहोजाहो केलंय का? आजोबा चढले तसं? मला हसू आलं पण तिचं व्याकरण बरोबर होतं. लेखनाच्या नियमांत बोलल्यासारखं 'चढलं' लिहायला मुभा आहे, अनुस्वार द्यायचा की झालं, तरी बालसाहित्यवाले 'चढले' का धरून बसतात कळत नाही. पहिली-दुसरीसाठी पुस्तक निवडताना मी आता पहिली गोष्ट हीच बघतो, संवाद तरी बोलल्यासारखे आहेत का.

दुसरं चित्रांबद्दल. शहरातलं घर, सोफा, फ्रिज असलेली पुस्तकं आमच्या पोरांना परकी वाटतात असं सगळे म्हणतात. मला तसा अनुभव नाही, पोरं फ्रिज बघतात, मोबाइल बघतात, त्यांना मजाच येते. त्यांना खटकतं ते चुकीचं गाव. पुस्तकातल्या गावात एक विहीर, एक बैलगाडी, सगळ्या बायका हंडे घेऊन ओळीने, आकाशात पक्षी मराठी चारच्या आकड्यासारखे. मोटरसायकल नाही, टॉवर नाही, पावसाळ्यात घरावर टाकलेला निळा प्लास्टिकचा कागद नाही. "हे कुठलं गाव?" असं विचारतात. आणि चुका तर सोडतच नाहीत. एका पुस्तकात खेकड्याला सहा पाय होते, सगळे मिळून सहा. सगळा वर्ग उठून फळ्यापाशी आला आणि मला चिंबोरी काढून दाखवली, आठ पाय, दोन नांग्या, नर कसा ओळखायचा, बिळात हात घालताना बोट कुठे ठेवायचं, सगळं. त्या दिवशी जेवढं बोलले तेवढं वर्षभरात बोलले नव्हते. म्हणजे खराब पुस्तक पण कामाला आलं म्हणायचं :-) तसंच पानांनी गच्च भरलेल्या पळसाला फुलं. पळस फुलतो तेव्हा पानं गळालेली असतात हे इथलं शेंबडं पोर सांगेल.

निपुण भारत या केंद्र सरकारच्या लहान मुलांच्या वाचन-गणिताच्या मोहिमेचं (२०२१ पासून) उद्दिष्ट आहे की दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचावेत. हेतू चांगला आहे, अर्थासह वाचावं असंच लिहिलंय. पण घड्याळ लावलं की पोरगं अर्थ सोडून पळतं. त्या पळण्यासाठी कुठलंही पुस्तक चालतं, छगन तर उत्तम चालतो.

पाटीपेन्सिल

डोंगरशाळा, तुम्ही लिहिलंत आणि मला माझं तिसरं आठवलं! तुमच्याच जिल्ह्यातलं आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे कोसबाडच्या टेकडीवर. तेव्हा त्यांनी शंख, शिंपले, पानं, बिया असं आसपासचं साहित्यच शिकवायला वापरलं. पुस्तकाचं पण तसंच बघावं, पोराच्या हाताला लागलेलं काहीतरी त्यात असावं, मग बाकी सगळं अनोळखी चालेल.

आणि उच्चाराचा मुद्दा. चार आणि चाक, दोन्हीकडे च च. पोराला तो शब्द आधी कानाने माहीत असेल तरच तो बरोबर वाचेल. अक्षरावरून कळायला काही मार्ग नाही. तेव्हा 'अक्षरं येतात म्हणजे काहीही वाचेल' हा समज काढून टाका, स्वतः वाचायच्या पुस्तकात ऐकलेलेच शब्द हवेत.

माडाखाली

फोंडा, गोवा. आमच्याकडे गंमत वेगळीच, मुलगी मराठी प्राथमिक शाळेत, घरात कोंकणी. चित्रात कुत्रा, खाली लिहिलंय कुत्रा, ती बिनदिक्कत 'सुणें' वाचते. मॅडमना वाटतं हिला वाचता येत नाही, मला वाटतं हिला चित्र उत्तम वाचता येतं. मी आता मुद्दाम अशी पुस्तकं आणतो ज्यात चित्र सगळंच सांगत नाही, थोडं अक्षरांकडे राखून ठेवतं, म्हणजे ती झक मारत अक्षरांकडे बघते. आणि उलटी पण, ज्यात अक्षरं सांगत नाहीत ते चित्रात असतं. एका पुस्तकात बाजाराची गोष्ट होती आणि दर पानावर कोपऱ्यात एक मांजर मासळीच्या पाटीकडे सरकत होतं, त्याचा मजकुरात शब्दाने उल्लेख नाही. मी चार वेळा वाचून दाखवलं, मला दिसलं नाही, तिला पहिल्या खेपेला दिसलं. तिच्या लेखी गोष्ट मांजराचीच होती, बाजाराचं उगाच मी मध्ये मध्ये बडबडत होतो.

आजोबा_ऑनलाइन

सर्वांचे विचार वाचले. परंतु कोणीही संस्कारांचा मुद्दा मांडला नाही याचे आश्चर्य वाटते. पुस्तकातून मुलांना काही घेण्यासारखे असावे की नाही? हल्लीच्या चित्रपुस्तकांत शेवटी तात्पर्यच नसते. मूल म्हणते, मग पुढे? आणि पुस्तक संपलेले असते.

अर्धाकप

आजोबा, आदर आहेच, पण तात्पर्य मुलांवर सोडा हो. माझ्या मुलाला ससा-कासव सांगून विचारलं, मग काय शिकलास? म्हणाला, झोपताना अलार्म लावावा.

आणि "मग पुढे?" विचारलं तर ते पुस्तक चांगलं आहे म्हणायचं!

आजोबा_ऑनलाइन

अलार्मबाबत मुलाचे म्हणणे व्यवहार्य आहे.

रविवारची_शाळा

न्यू जर्सीहून. मी रविवारच्या मराठी शाळेत शिकवते आणि माझा त्रास तुमच्या उलटा आहे. माझ्याकडची मुलं आठ-नऊ वर्षांची, इंग्रजीत जाडजूड पुस्तकं वाचणारी, पण मराठी वाचन म्हणाल तर खारूताईंच्या लेकाएवढं. त्यांना बदक पकड दिलं की ती अपमान झाल्यासारखी बघतात. आणि त्यांच्या वयाचं मराठी पुस्तक दिलं की दुसऱ्या ओळीला मान टाकतात. सोपी भाषा पण मोठ्या वयाचा विषय, विनोद, भुतं, क्रिकेट, असं फार थोडं आहे मराठीत. कोणाला माहीत असेल तर माझ्या विपूत (विचारपुशीत) लिहा प्लीज. सध्या आम्ही स्वतःच वहीत लिहितो, मुलंच गोष्ट सांगतात, मी देवनागरीत उतरवते आणि पुढच्या रविवारी तीच त्यांना वाचायला देते. स्वतःचीच गोष्ट असल्यामुळे शब्द माहीत असतात, मग 'न्यूयॉर्कच्या' पण वाचतात, त्यातल्या रफारासकट चंद्रासकट.

डोंगरशाळा

रविवारची_शाळा, हेच आम्ही पण करतो! वारलीत सांगतात, वारलीतच लिहितो देवनागरीत, मग शेजारी मराठी. न्यू जर्सी आणि जव्हार एकाच बाकावर.

खारूताई

अपडेट द्यायला आलेय. मध्ये आठ दिवस लेक तापाने होता.

तर या रविवारी खोली झाडून सतरंजी टाकली आणि सोसायटीतली ११ मुलं जमवली, वय तीन ते सात, आणि नऊ पुस्तकं मध्ये ठेवून मी गप्प बसले. म्हणजे बसायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा सगळ्यांनी चमकणारं पुस्तक उचललं, ज्याच्या मुखपृष्ठावर सोनेरी चकाकी आहे, आणि दोन मिनिटांत टाकलं. नंतर एका मळकट रंगाच्या, मला दुकानात अजिबात न आवडलेल्या पुस्तकाभोवती चार जणं गोळा झाली. ते मी फक्त किंमत कमी म्हणून घेतलं होतं. त्यात एक म्हातारी रात्रभर काहीतरी शोधते एवढंच आहे आणि दर पानावर तेच वाक्य येतं, "इथे नाही, मग गेलं कुठे?" तिसऱ्या पानापासून माझ्या आधी तीच ओरडायला लागली. लेकाने 'म्हातारी' स्वतः वाचलं, म्ह सकट. पाताई, तुमची आत्या दिसली हो!

मग मी अनवट यांच्या पद्धतीने लांब शब्द बघितले, कंपोझर यांच्या पद्धतीने ल बघितले (नऊपैकी सहा पुस्तकांत हिंदी ल!! आता मला रस्त्यावरच्या पाट्यांवर पण तेच दिसतंय, झोप उडवलीत तुम्ही) आणि मोठ्याने वाचून बघितलं. मला स्वतःला जीभ अडखळल्याशिवाय वाचता आलं अशी तीनच निघाली. अस्वल परत. वृक्षाच्छादित मी मांडीवरच्या कप्प्यात ठेवलं, चित्रातली टेकडी खरंच सुंदर आहे. छगनबद्दल कमिटीत मत घ्यावं लागेल, कारण एक सात वर्षांची मुलगी ते नाटकासारखं हुकूम देत वाचत होती आणि बाकीचे बदक होऊन पळत होते.

सोनेरीवालं एका आजींनी वाढदिवसाला द्यायला विकत मागितलं. देऊन टाकलं.

अनवट

भारी. अजून पुस्तकं बघायची असतील तर सुट्टीत भिलारला जा पोरांना घेऊन, महाबळेश्वर-पाचगणीच्या मधे, पुस्तकांचं गाव, ४ मे २०१७ ला सुरू झालं. लोकांच्या घरांत पुस्तकं मांडली आहेत, बालसाहित्याचं वेगळं घर आहे, बसून वाचा, कोणी उठवत नाही. आणि राष्ट्रीय पुस्तक न्यासाच्या नेहरू बाल पुस्तकालयातली मराठी पुस्तकं बघा, स्वस्त असतात. त्यात भाषा थोडी पुस्तकी सापडेल कुठे कुठे, पण चित्रं घाईची नसतात.

खारूताई

धन्यवाद! एक शेवटची शंका. ते म्हातारीचं पुस्तक एका रविवारातच मधून सुटायला लागलंय, मधली दोन पानं हातात आली. सेलोटेप लावू का?

कंपोझर

सेलोटेप नको! वर्षभरात पिवळी पडते आणि निघताना छपाई घेऊन निघते. ते पिन मारलेलं आहे की गोंदाचं? पिनचं असेल तर पिना काढा, गंजतात त्या, आणि त्याच भोकांतून जाड दोऱ्याने शिवा, पाच मिनिटांचं काम आहे. गोंदाचं असेल तर मणक्यापासून अर्धा सेंटीमीटर आत भोकं पाडून शिवावं लागेल, मग ते पुस्तक पूर्ण उघडणार नाही, मधलं चित्र खाचेत जाईल. म्हणून पुढच्या खरेदीला हे पण बघा, पुस्तक टेबलावर उघडं ठेवलं तर उघडं राहतं का. लहान मुलाला एक हात पान धरायला आणि एक बोट शब्दावर ठेवायला लागतं, तिसरा हात नसतो.

खारूताई

पिनचं आहे. दोरा कुठला, शिवणाचा चालेल?

बंडूनाना

शिवणाचा नको, तुटेल. पतंगाचा मांजा सोडून कुठलाही जाड घ्या, गोधडीचा उत्तम. मीही नाशिकचाच, गंगापूर रोडला राहतो. पुढच्या रविवारी सुई-दोरा घेऊन येतो, नातीला पण आणतो.